पाणी थोडे, सब्र जास्त

पाऊस ओसरला आणि गॅलरीतल्या कुंड्या पुन्हा उन्हात आल्या की या सदराकडे एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येते. जूनमध्ये हौसेने आणलेले, हिरव्या गुलाबासारखे दिसणारे सक्युलंट सप्टेंबरपर्यंत कुजून गेले. पाने आधी पिवळी झाली, मग पाणीदार झाली आणि हात लावताच गळून पडली. तक्रारीच्या शेवटी बहुतेक भगिनी एक वाक्य जोडतात, "माझ्या हातालाच गुण नाही." काही घरांत हे वाक्य दुसरेच कोणी बोलते. "हिने झाड लावले की ते मेलेच समजा," असे सुनेबद्दल किंवा मुलीबद्दल हसत हसत म्हटले जाते. बोलणारा विसरून जातो, ऐकणारीला ते लागून राहते.

म्हणून या महिन्यात याच झाडांबद्दल बोलू. आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. हाताचा यात काही दोष नाही. ही झाडे दुर्लक्षाने क्वचितच मरतात. ती मरतात रोज प्रेमाने घातलेल्या पाण्याने. जिचे झाड कुजले, तिने बहुधा त्याची काळजी जास्तच घेतली होती. या झाडांची काळजी वेगळ्या तऱ्हेने घ्यावी लागते, एवढेच तिला कोणी सांगितले नव्हते.

नवी वाटणारी जुनी ओळख

सक्युलंट म्हणजे पानांत किंवा खोडात पाणी साठवणारी झाडे. त्यांपैकी ज्यांची जाड पाने एका मध्याभोवती गोल गोल, पाकळ्यांसारखी मांडलेली असतात, त्या रचनेला नर्सरीवाले रोझेट म्हणतात. नाव परके असले तरी असे झाड आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. दारातली कोरफड पाहा. तिचीही पाने मध्यातून निघून चहूबाजूंना पसरतात. रेल्वेमार्गाच्या आणि शेताच्या कडेला दिसणारा घायपातही याच रचनेचा. आणि जिचे पान नुसते मातीवर पडले तरी कडेने रोपे फुटतात, ती पानफुटी रोझेट नसली तरी दुकानातल्या त्या हिरव्या गुलाबांची सख्खी नातेवाईक आहे.

हिरव्या गुलाबासारख्या दिसणाऱ्या त्या झाडाचे नाव एचेवेरिया. याच्या बहुतेक जाती मूळच्या मेक्सिकोतल्या. अठराव्या शतकात मेक्सिकोतल्या वनस्पतींची चित्रे काढणारे चित्रकार अतानासिओ एचेवेरिया यांच्या नावावरून 1828 साली हे नाव ठेवले गेले. एचेवेरिया आणि पानफुटी एकाच कुळातल्या. हिरव्या टोकदार पानांवर पांढरे पट्टे असलेले, नर्सरीत 'झेब्रा' म्हणून मिळणारे हॅवर्थिया मात्र दक्षिण आफ्रिकेतले आणि कोरफडीच्या कुळातले.

कोरफड स्वतः अरबस्तानातून आलेली आहे. अरबीत कोरफडीचे नाव आणि धीर या अर्थाचा 'सब्र' हा शब्द एकाच तीन अक्षरांतून येतात, स्वाद, बे आणि रे. निवडुंगासारख्या मांसल झाडांना तिकडे 'सब्बार' म्हणतात. ही झाडे सांभाळायची तर हा एक शब्द लक्षात ठेवला तरी निम्मे काम होते.

हे झाड जगते कसे

एचेवेरियाचे मूळ घर म्हणजे डोंगराचे उतार आणि कड्यांच्या खाचा. तिथे माती थोडी आणि खडे जास्त. पाऊस पडला की पाणी क्षणभर मुळांशी थांबते आणि वाहून जाते. झाड अनेकदा तिरके उगवलेले असते, त्यामुळे पानांच्या मध्यातही पाणी साचत नाही. मधल्या कोरड्या दिवसांत ते पानांत भरून ठेवलेल्या पाण्यावर राहते.

श्वासाचीही त्याची रीत वेगळी. बहुतेक झाडे दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रे उघडतात आणि त्यातून पाण्याची वाफ निघून जाते. ही झाडे दिवसा छिद्रे मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा उजेडात त्याचे अन्न करायचे, असा त्यांचा संसार. म्हणूनच त्यांना पाणी फार थोडे लागते.

आता हेच झाड कुंडीत सरळ उभे लावले, भोवती ओल धरणारी माती भरली आणि रोज पेलाभर पाणी घातले, तर काय होईल? मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड मलूल दिसते. मलूल दिसले म्हणून आपण आणखी पाणी घालतो. बहुतेक घरांत हे झाड जाते ते या फेऱ्यात.

आपल्या गावाला कोणते मानवेल

मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, रत्नागिरीकडे त्याहूनही जास्त. हवा इतकी ओली असते की कपडे वाळत नाहीत, तिथे कुंडीतली माती कशी वाळणार? म्हणून कोकणपट्टीत सुरुवात हॅवर्थियापासून करावी. आपल्या मूळ मुलखात ते झुडपांच्या आणि दगडांच्या आडोशाने वाढते, त्यामुळे फ्लॅटच्या खिडकीतला उजेड त्याला पुरतो. दुसरी निवड 'घोस्ट प्लँट'. राखाडी-गुलाबी पानांचे हे झाड सोशिक आहे. याच्या शास्त्रीय नावात पॅराग्वे देशाचा उल्लेख आहे, पण मूळ तेही मेक्सिकोचेच.

पुणे, नाशिक, सातारा या भागांत एचेवेरिया चांगले होते. हिवाळ्यात स्वच्छ ऊन आणि गार रात्री मिळाल्या की अनेक जातींच्या पानांच्या कडा लालसर होतात. मुंबईत तेच झाड बहुधा हिरवे राहील, त्यात काळजीचे कारण नाही. मराठवाड्यात आणि विदर्भात पावसापेक्षा एप्रिल-मेचे ऊन जास्त घात करते. तिथे उन्हाळ्यात सावलीची सोय असेल तरच एचेवेरिया घ्यावे. सेम्परव्हायव्हम हे रोझेट मूळचे युरोप आणि आसपासच्या थंड डोंगरांचे. आपल्या सपाटीवरच्या उकाड्यात ते टिकवणे कठीण, त्यावर पैसे घालू नयेत.

घेताना झाड नीट पाहून घ्या. मध्यातली पाने घट्ट असावीत. खोड हलके दाबून पाहिले तर टणक लागावे. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर ती किडीची खूण आहे, ते झाड घेऊ नका. निळा, सोनेरी, चमकीचा रंग फवारलेली झाडेही विकायला असतात. रंगाने पानावर उजेड पडत नाही आणि झाड खंगते. मुलांना ती फार आवडतात, तरी टाळावीत.

कुंडी आणि माती

कुंडीला तळाशी भोक हवेच. लग्नात भेट मिळालेला सुंदर कप असो वा काचेचे भांडे, भोक नसेल तर झाड त्यात फार दिवस राहणार नाही. तळाशी खडे भरले की भोक लागत नाही, हा समज चुकीचा आहे. खड्यांच्या वरची माती ओलीच राहते. कप वापरायचाच असेल तर भोक असलेल्या लहान कुंडीत झाड लावा आणि ती कुंडी कपात ठेवा. पाणी घालताना बाहेर काढा, निथळले की परत ठेवा.

सर्वांत चांगली मातीची कुंडी, कारण तिच्या भिंतीतूनही ओल उडते. ती नसेल तर दह्याच्या प्लास्टिक डब्याला तापवलेल्या खिळ्याने तळाशी चार-पाच भोके पाडली तरी काम होते. कुंडी झाडाच्या घेरापेक्षा इंचभरच मोठी घ्यावी. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओल धरून बसते.

आपली काळी माती या झाडांना चालत नाही. ती ओल धरते आणि वाळली की दगडासारखी होते. मिश्रण असे करा: एक वाटी बागेतली भुसभुशीत लाल माती, एक वाटी विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, एक वाटी जाड वाळू आणि अर्धी वाटी गांडूळखत. वाळू बांधकामाची चालेल, पण दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या. समुद्राची वाळू खारट असते, ती नको. मिश्रण मुठीत दाबून मूठ उघडली की ते लगेच सुटून पडले पाहिजे. गोळा राहिला तर विटांचे तुकडे वाढवा.

नर्सरीतून आणलेले रोप बहुधा नुसत्या कोकोपीटमध्ये असते. मुळांभोवतीचे कोकोपीट अलगद झाडून टाका, रोप दोन दिवस सावलीत उघडे ठेवा आणि मग वरच्या मिश्रणात लावा. लावल्यावर चार-पाच दिवस पाणी घालू नका. दुखावलेली मुळे तेवढ्यात भरून येतात.

पाणी केव्हा

"आठवड्यातून किती वेळा?" असे विचारले जाते. याचे उत्तर कॅलेंडरवर मिळत नाही, कुंडीत मिळते. केरसुणीची एक काडी मातीत तळापर्यंत खुपसा आणि बाहेर काढा. काडीला माती चिकटली किंवा ती गार लागली तर पाणी नको. कोरडी निघाली तर आणखी दोन दिवस थांबा आणि मग घाला.

घालाल तेव्हा मात्र पोटभर घाला. तळातून पाणी निघेपर्यंत घाला आणि ताटलीत साचलेले ओतून टाका. रोज चमचाभर पाण्याने वरचा थर तेवढा ओला राहतो, खालची मुळे तहानलेलीच असतात. पाणी मातीवर घाला, पानांच्या मध्यात नको. चुकून गेलेच तर फुंकर मारून किंवा कापसाच्या टोकाने टिपून घ्या. हिवाळ्यात दहा-बारा दिवसांनी आणि उन्हाळ्यात सात-आठ दिवसांनी असा साधारण अंदाज धरावा, पण शेवटचा शब्द काडीचा.

झाड स्वतःही सांगते. खालची पाने सुरकुतली, मऊ पडली, तर तहान लागली आहे. पाने पिवळी, काचेसारखी पारदर्शक आणि फुगीर झाली, तर पाणी जास्त झाले आहे. सर्वांत खालची एक-दोन पाने कागदासारखी वाळली तर तो वयाचा परिणाम. ती काढून टाकावीत, नाहीतर त्यांच्याखाली कीड लपते.

वुजूचे उरलेले पाणी झाडांना घालण्याची चांगली सवय अनेक घरांत आहे. ते पाणी मोगऱ्याला, गुलाबाला, कढीपत्त्याला खुशाल घाला. दिवसातून पाच वेळा मिळणारे ते पाणी या झाडांसाठी मात्र फार होते. घरात कोणी कौतुकाने घालत असेल, विशेषतः वडीलधारी माणसे, तर त्यांना ही कुंडी वेगळी ठेवल्याचे आधीच सांगून ठेवावे.

याच गुणाचा फायदाही आहे. सुटीत गावी जायचे असो की उमराहला, दोन-तीन आठवडे घर बंद राहणार असले तरी या झाडांसाठी शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवावी लागत नाही. निघण्यापूर्वी एकदा पाणी द्या, तीव्र उन्हातून बाजूला करा आणि निश्चिंत जा.

ऊन

एचेवेरिया आणि घोस्ट प्लँटला रोज चार-पाच तास ऊन हवे. फजरनंतर वर येणारे सकाळचे कोवळे ऊन सर्वांत उत्तम, म्हणून पूर्वेची खिडकी किंवा गॅलरी निवडावी. उजेड कमी पडला की झाड मान लांब करते, पानांमधले अंतर वाढते आणि गुलाबाचा आकार जातो. लांबलेला भाग पुन्हा आखूड होत नाही. तो कापून नव्याने लावावा लागतो.

सावलीतल्या झाडाला एकदम कडक उन्हात नेऊ नका. पानांवर तपकिरी डाग पडतात आणि ते जात नाहीत. पहिले तीन दिवस तासभर, मग दोन तास, असे दहा-बारा दिवसांत सवयीचे करा. मार्चपासून दुपारच्या वेळी हिरवी जाळी किंवा जुनी पांढरी ओढणी वर बांधली तरी पुरे. पानांवरची पांढरट पूड धूळ समजून पुसू नका. ती झाडाचे उन्हापासून रक्षण करते आणि एकदा पुसली की त्या पानावर परत येत नाही.

पावसाळ्याचे चार महिने

पहिल्या पावसाआधी कुंड्या छपराखाली, पण उजेडाच्या आणि वाऱ्याच्या जागी आणा. कुंड्यांमध्ये चार बोटांचे अंतर ठेवा. कुंडी तिरकी टेकवली तर उडालेले थेंब मध्यात थांबत नाहीत. या काळात पाणी जवळजवळ बंदच. कोकणात महिनाभर पाणी न घालताही झाड छान राहते, कारण मातीला हवेतलीच ओल पुरते. पाने सुरकुतली तरच, तेही उघडीप पाहून सकाळी, थोडे पाणी द्या. गोगलगायी दिसल्या की रात्री टॉर्च घेऊन वेचून काढा.

तरी कुज लागलीच तर हताश होऊ नका. झाड मातीतून काढा, काळा पडलेला भाग स्वच्छ सुरीने कापत वर या. खोडाचा आतला भाग पूर्ण स्वच्छ, हिरवट-पांढरा दिसेपर्यंत कापायचे. वरचा गुलाब तसाच सावलीत पाच-सहा दिवस सुकू द्या. कापावर हळद लावण्याची रीत आहे, पण खरा इलाज काप कोरडा होण्याचा आहे. मग कोरड्या मिश्रणावर ठेवून द्या. दोन-तीन आठवड्यांत खालून नवी मुळे येतात.

एका पानापासून रोप

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा रोपे करण्याचा हंगाम. एचेवेरिया किंवा घोस्ट प्लँटचे खालचे निरोगी पान हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवून मुळापासून सोडवा. पान तुटून अर्धे झाडावर राहिले तर त्यातून रोप येत नाही. तीन-चार दिवस ते कागदावर सावलीत ठेवा, टोक सुकले की मिश्रणावर आडवे ठेवा. पुरायचे नाही. काही आठवड्यांत आधी गुलाबी मुळे आणि मग नखाएवढा इवला गुलाब दिसतो. तेव्हापासून दोन-तीन दिवसांआड किंचित पाणी शिंपडा. जुने पान हळूहळू सुकते, कारण आपले सगळे पाणी ते पिलाला देत असते. ते स्वतःहून गळेपर्यंत ओढू नका. सगळी पाने रुजत नाहीत, म्हणून एकाऐवजी सहा-सात ठेवावीत.

हॅवर्थिया आणि कोरफडीची रोपे पानापासून करण्याच्या खटपटीत पडू नका. त्यांच्या बुडाशी पिले येतात. पिलू आईच्या निम्म्याएवढे झाले की मुळांसकट वेगळे करावे.

कीड, मुले आणि मांजर

पांढऱ्या कापसासारखा दिसणारा पिठ्या ढेकूण हा यांचा मुख्य शत्रू. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर आधी त्याचा शोध घ्या, कारण त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या येतात. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक कीड टिपून काढा, आठवड्याने पुन्हा पाहा. तोवर ती कुंडी इतरांपासून दूर ठेवा.

एचेवेरिया आणि हॅवर्थिया मांजरांना विषारी नाहीत. कोरफड, पानफुटी आणि जेड मात्र मांजराच्या पोटात गेल्यास त्याला त्रास होतो, त्या कुंड्या उंचावर ठेवाव्यात. घायपाताच्या पानांची टोके सुईसारखी असतात. लहान मुले धावतात-खेळतात अशा जागी तो नकोच.

एचेवेरियाला फुलांचा दांडा आला तर घाबरू नका, फुलल्यावर ते मरत नाही. आयुष्यात एकदाच फुलून संपतो तो घायपात, आणि तोही बहुधा आधी बुडाशी पिले ठेवून जातो.

या महिन्याची कामे

पावसातून वाचलेल्या कुंड्या तपासा, सुकलेली पाने काढा. काळा भाग दिसला तर आजच कापा. माती दगडासारखी झाली असेल तर मिश्रण बदला. झाडांना हळूहळू उन्हाची सवय लावा. निरोगी झाडाची सहा-सात पाने रुजवायला ठेवा आणि त्यांवर तारीख लिहून ठेवा, म्हणजे घाई होणार नाही.

फेब्रुवारीपर्यंत त्यातली तीन-चार रोपे तयार होतील, इन्शाअल्लाह. एक स्वतःला ठेवा. दुसरे अशा सुनेला, बहिणीला किंवा शेजारणीला द्या, जिला कोणी कधी म्हटले असेल की तुझ्या हाताला गुण नाही. रोपासोबत केरसुणीची एक काडीही द्या आणि तिचा उपयोग समजावून सांगा.